तीन फूट आणि चढतंय

चिपळूणच्या माणसाला पाणी किती आलं असं विचारलं, तर तो फुटात सांगत नाही. 'वडनाक्यात आलं', 'चिंचनाका भरला', 'आमच्या चौथ्या पायरीला टेकलंय' असं सांगतो. त्यामुळे 1990 च्या दिवाळीच्या सुट्टीत एका पिवळ्याजर्द कॅसेटवरचं इंग्रजी नाव मी डिक्शनरी घेऊन लावायला बसलो आणि 'तीन फूट उंच आणि चढतंय' एवढा अर्थ हाताला लागला, तेव्हा मला वाटलं, हा कुठल्यातरी परगावच्या, फुटात मोजणाऱ्या माणसांचा पूर असणार. दादा तेव्हा कॉलेजात होता, म्हणजे त्याला सगळं कळत होतं. तो म्हणाला, "गाण्याच्या कॅसेटला पुराचं नाव कोण देईल? येडा आहेस." मी गप्प बसलो. माझं बरोबर होतं हे कळायला इंटरनेट यावं लागलं.

कॅसेट 'डे ला सोल' या त्रिकुटाची. 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा त्यांचा पहिलाच अल्बम, न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय कंपनीने मार्च 1989 मध्ये काढलेला. तो चिपळुणात आला सद्दाम हुसेनमुळे. माझा एक वर्गमित्र गोवळकोटचा. त्याचा मामू कुवेतला वर्कशॉपात कामाला होता. ऑगस्ट 1990 मध्ये इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि तिथून लाखाच्या वर भारतीयांना परत यावं लागलं, त्यातलाच हा एक. दहा वर्षांचा संसार एका बॅगेत भरून आला, आणि त्या घाईत खोलीतल्या कुणा भलत्याचीच कॅसेट बॅगेत पडली. मामूने दोन मिनिटं ऐकली आणि 'पोराटोरांचं काहीतरी आहे' म्हणून भाच्याकडे टाकली. भाच्याने ती मला दिली. बदल्यात माझी बॅट गेली ती गेलीच.

कव्हरवर झगझगीत रंगांची फुलं आणि त्यांत तीन काळ्या पोरांचे चेहरे. आईने लांबूनच पाहून विचारलं, "कुठल्या देवाच्या आरत्या रे?"

मामूचं तसं फार चुकलं नव्हतं. कॅसेट लावली की गाणं सुरूच होत नाही. टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेतला असतो तसा एक सूत्रधार बोलायला लागतो आणि स्पर्धकांना प्रश्न घालतो. एका कोंबडीच्या अंगावर पिसं किती, अशा जातीचे प्रश्न. उत्तर कुणालाच येत नाही, कुणाला यावं अशी अपेक्षाही नाही. मग गाणी सुरू होतात आणि मधे मधे हा खेळ पुन्हा डोकावत राहतो. हिप हॉपच्या अल्बमांत अशा नाटुकल्या पेरायची रीत या कॅसेटपासून रूढ झाली. नववीतल्या मला रॅपचं एक कडवं धड कळत नव्हतं, पण उत्तर नसलेले सवाल मात्र अगदी घरचे वाटले. त्याला कारण बाबा.

आमचं गाव गुहागर तालुक्यात. बाबा गिरणीत होते, 1982 चा संप झाला, वर्षभर वाट पाहिली आणि परत आले. मग चिपळूणच्या बाजारपेठेत एका धान्याच्या दुकानात हिशेबाला बसले. पण ओळख सांगायची तर ते ढोलकीवाले. वाडीच्या शक्ती-तुऱ्याच्या पार्टीत ढोलकीही त्यांची आणि निम्मी गाणीही त्यांनीच रचलेली.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. शक्ती-तुरा म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना. एक शक्तीवाले, ते मायेची बाजू घेणार. दुसरे तुरेवाले, ते ब्रह्माची. मध्ये शाहीर, ढोलकी, झांज बसलेली आणि भोवती पायात चाळ बांधून पोरं गोल फिरत नाचणार. आधी गण, मग गौळण, मग सवाल-जवाब. सवाल पुराणातले, पण असे वाकडे की समोरच्या शाहिराने पोथ्या पालथ्या घातल्या तरी सापडू नयेत. उत्तर आलं नाही तर पुढच्या वर्षीपर्यंत टोमणे. गणपतीत गावोगाव आणि मुंबईला परळच्या दामोदर नाट्यगृहात हे चालायचं. मुंबईकर याला बाल्या नाच म्हणायचे, जरा नाक वर करूनच. बाबांना तो शब्द कधीच आवडला नाही.

बाबांनी ती कॅसेट पहिल्यांदा ऐकली ती जेवताना. डोकं खाली घालून दोन गाणी ऐकली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "ह्ये शक्तीवालं का तुरंवालं?"

मी म्हटलं, "बाबा, अमेरिकेतले आहेत."

"आसू दे की. पन समोरची पार्टी कुटं हाय?"

हा प्रश्न मी त्या वेळी हसण्यावारी नेला. आता वाटतं, एवढा नेमका प्रश्न तेव्हा इंग्रजी मासिकांतही कुणी विचारला नसेल. त्या काळातलं बरंचसं रॅप समोरच्या पार्टीवरच उभं होतं. मी मोठा, माझी साखळी जाड, तू कोण? आणि ॲमिटीव्हिल नावाच्या, लाँग आयलंडवरच्या एका उपनगरातून तीन पोरं येतात आणि सामना खेळायलाच नकार देतात. फुलांचे शर्ट घालतात, आपापसातले विनोद करतात, पाणउतारा करायचाच झाला तर स्वतःचा. नावंसुद्धा उलटी. एकाचं पॉस्डनूअस; ते उलटं वाचलं की 'साउंडसॉप' होतं. दुसरा ट्रूगॉय, उलटा वाचला की 'योगर्ट', कारण त्याला दही आवडायचं. तिसरा मेसिओ, तो डीजे. आमच्याकडे कुणा शाहिराने स्वतःला 'शाहीर हीद' म्हणवून घेतलं असतं तर पहिल्या सवालालाच मंडपातून हाकलला असता.

या तिघांच्या पाठीशी प्रिन्स पॉल, त्यांच्याच गावचा, वयाने थोडाच मोठा, 'स्टेटसॅसॉनिक' या गटातला डीजे. काय जमेल आणि काय जमणार नाही हे त्यालाही माहीत नव्हतं आणि त्यांनाही, असं तो अल्बम ऐकताना वाटत राहतं. जे हाताला लागेल ते घेतलंय. घरातल्या जुन्या तबकड्या, लहान मुलांचे कार्यक्रम, कुणाचं तरी यॉडलिंग.

बाबांचा तिसरा प्रश्न हाच होता. "चाल कुनाची?"

मला काय माहीत? मला ती गाणी त्यांचीच वाटत होती. बाबांना पहिल्या दिवसापासून संशय होता. गाणारी पोरं वेगळी आणि मागे वाजतंय ते वेगळं, मागचं जुनं आहे, ते म्हणायचे. ते खरंच होतं. 'मी मायसेल्फ अँड आय'च्या खाली 'फंकाडेलिक' या जुन्या बँडचं गाणं आहे, त्याचं नावच 'गुडघाभर' अशा अर्थाचं. 'से नो गो'मध्ये हॉल अँड ओट्स. 'द मॅजिक नंबर' हे लहान मुलांना पाढे शिकवणाऱ्या, 1973 च्या एका टीव्हीवरच्या गाण्यावरून केलेलं. आणि त्याच गाण्यात जॉनी कॅश या जुन्या अमेरिकन गायकाचा आवाज येतो. पाणी किती चढलं, या सवालाला तो जवाब देतो, तीन फूट आणि चढतंय. कॅशचं हे गाणं 1959 चं, आर्कान्सामध्ये 1937 साली आलेल्या पुरावरचं. लहानपणी त्याच्या घरादाराने तो पूर भोगला होता. हे मी वाचलं तेव्हा पहिल्यांदा दादाला फोन लावला. त्याला काही आठवत नव्हतं.

'आय नो' नावाचं एक गाणं आहे, प्रेमाचं, गोड. त्यात स्टीली डॅनच्या गाण्याचा तुकडा फिरत राहतो आणि त्यावर एक शिट्टी येते. ही शिट्टी ऑटिस रेडिंग या गायकाची. धक्क्यावर बसून लाटा बघत दिवस घालवणाऱ्या माणसाचं त्याचं गाणं आहे. 1967 च्या अखेरीस त्याने ते रेकॉर्ड केलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी विमान अपघातात तो गेला. शेवटी काय म्हणायचं ते त्याला ऐनवेळी आठवेना म्हणून त्याने शिट्टी वाजवली, असं सांगतात. बाबांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण त्या शिट्टीला ते थांबले. "ती मागं घे," म्हणाले. मी रिवाइंड केलं. "परत." तिसऱ्यांदा टेप गुंतली आणि मला पेन्सिल घालून फिरवत बसावं लागलं, तोवर ते हात धुऊन दुकानात गेले.

आता चालीबद्दल. आमच्याकडे चाल उचलण्याला चोरी म्हणत नाहीत. भजनी बुवा असो, नमन असो, शक्ती-तुरा असो, यंदा गाजलेल्या सिनेमातलं गाणं गणपतीपर्यंत गौळण झालेलं असतं. मूळ गाण्यात नायिका पावसात भिजत असेल, इथे राधा मथुरेच्या बाजाराला निघते. फक्त एक शिस्त. भजनांच्या छोट्या पुस्तिका आठवून बघा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर कंसात छापलेलं असतं : चाल, अमुक गाण्याची. वहीतही तसंच लिहायचं. ऐकणाऱ्यालाही ती ओळखू यावी अशीच अपेक्षा असते. निम्मी मजा त्यात आहे. बाबा म्हणायचे, चाल लिवली की ती उसनी, न्हाय लिवली तर लांडी. लांडी म्हणजे लबाडी, त्यांचा खास शब्द.

न्यूयॉर्कात नुसतं लिहून भागत नाही. डे ला सोलच्या कंपनीने बऱ्याच तुकड्यांची परवानगी काढली होती. पण अल्बमात सव्वा मिनिटाचा एक गमतीचा तुकडा आहे, त्यात फ्रेंच शिकवणाऱ्या तबकडीचा आवाज आणि मागे 'द टर्टल्स'चं एक जुनं गाणं रेंगाळतं. त्याची परवानगी नव्हती. टर्टल्सवाले कोर्टात गेले. प्रकरण बाहेरच्या बाहेर पैसे देऊन मिटलं, पण धडकी सगळ्यांना भरली. डिसेंबर 1991 मध्ये दुसऱ्या एका रॅपरच्या खटल्यात न्यायाधीशाने निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. त्यानंतर असा अल्बम काढायचा तर गाणाऱ्यांपेक्षा वकील जास्त लागले असते. तुकडे वापरणं थांबलं नाही, महाग झालं. पन्नास ठिकाणची चिंधी-चिंधी जोडून गोधडी शिवायचे दिवस संपले. एखादा मोठा तागा परवडणारे राहिले.

मला याबाबत अजून ठाम बाजू घेता येत नाही. टर्टल्सचं गाणं टर्टल्सचंच, त्यांना पैसे मिळायला हवेत. आणि बाबांच्या गौळणीबद्दल कुणी संगीतकाराने नोटीस पाठवली असती तर मी त्या संगीतकाराचं तोंड बघितलं नसतं. दोन्ही एकदमच वाटतं.

खरी गंमत पुढे आहे. परवानग्यांचे जे करार झाले होते ते त्या वेळच्या वस्तूंचे, तबकडी आणि कॅसेटचे. उद्या गाणी हवेतून फोनमध्ये येतील असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं, तेव्हा कागदावर कुठून असणार? त्यामुळे सगळ्या जगाची गाणी मोबाइलवर आली तरी हा अल्बम आला नाही. 2010 च्या यादीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्राचा ठेवा म्हणून निवडला, आणि तो ठेवा सरळ मार्गाने फोनवर ऐकायची सोय नव्हती. वैतागून त्या तिघांनी 14 फेब्रुवारी 2014 ला, अल्बमच्या पंचविशीनिमित्त, आपली सगळी जुनी गाणी पंचवीस तासांसाठी फुकट वाटली. मी त्या रात्री डोंगल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधून जागा राहिलो. पहाटे गाणी उतरली. हार्ड डिस्कवर ठेवली, हार्ड डिस्क कपाटात, कपाट तळमजल्यावर.

पुढचं चिपळूणकर ओळखतील.

22 जुलै 2021, गुरुवार. वाशिष्ठी आणि शिवनदी, वर भरती, वर रात्रभर न थांबलेला पाऊस. 2005 चा पूर पाहिलेले आम्ही सगळे 'तेव्हाच्या खुणेच्या वर जाणार नाही' म्हणत होतो. पहाटे बाबांना खांद्याला धरून वरच्या शेजाऱ्यांकडे नेलं, आईने देव आणि औषधं घेतली. मी दोन खेपा केल्या. एकीत कागदपत्रं, दुसरीत गॅसची शेगडी. शेगडी का, ते अजून सांगता येत नाही. जिन्यात उभं राहून पायऱ्या मोजत होतो. बारापैकी नऊ गेल्या. दिडशे वर्षांहून जुनं आमचं वाचन मंदिरसुद्धा दुसऱ्यांदा पाण्यात गेलं. तिथली पुस्तकं रस्त्यावर चिखलाच्या विटांसारखी रचलेली पाहिल्यावर स्वतःच्या कपाटाचं रडू आलं नाही.

चिखल उपसताना कॅसेट सापडली. कव्हरवरची फुलं तशीच पिवळी होती, आतली टेप मात्र चिखलात चिकटून तिची एक काळी वडी झालेली. हार्ड डिस्क हलवली की आत पाणी वाजायचं.

आणि बाबांची वही. दोनशे पानी, लांबट, पुठ्ठ्याची. 1970 पासून रचलेली सगळी गाणी त्यात. वीज नव्हती, ऊन नव्हतं. बायकोने पानापानात टाल्कम पावडर घातली, मी एकेक पान सुरीच्या पात्याने सोडवत गेलो. बाबा गाणी शाईच्या पेनने लिहायचे, अक्षर चांगलं होतं त्यांचं, गिरणीतसुद्धा अर्ज लिहून घ्यायला लोक येत. ती सगळी शाई विरघळून पानभर नुसता निळा ढग झाला होता. पण चाल ते लाल बॉलपेनने लिहायचे, डोक्यावर, अधोरेखित. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्याला बधली नाही. पानामागून पान उलटत गेलो :

चाल : लावणीची, उडती.
चाल : रेडिओ सिलोन, बुधवारची.
चाल : गेल्या वर्षीचा पिक्चर, नायिका विहिरीवर.

खाली गाणं नाही. तिकडे न्यूयॉर्कात गाणी शाबूत होती आणि चाली कुणाच्या या कागदांपायी अडून बसली होती. आमच्याकडे चाली कुणाच्या ते ठळक उरलं होतं आणि गाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला गेली होती.

शेवटून पाचव्या-सहाव्या पानावर हे :

चाल : पिवळी क्याशेट, शिट्टी.

मी तसाच चिखलात उकिडवा बसलो. बाबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. 1991 च्या गणपतीत मी दहावीच्या क्लासचं कारण सांगून गावी गेलो नव्हतो, तेव्हाची असणार. म्हणजे अमेरिकेतल्या एका मेलेल्या माणसाची शिट्टी ॲमिटीव्हिलच्या पोरांनी उसनी घेतली, ती कुवेतमार्गे आमच्या जेवणाच्या पाटावर आली, आणि तिथून कुठल्यातरी वाडीत, पेट्रोमॅक्सच्या उजेडात राधेच्या तोंडी गेली. कुणाला विचारलं नव्हतं. पण वर लिहिलं होतं.

"शब्द काय होते?" मी विचारलं.

"आता काय आटवायचा? वही होती ना." ते म्हणाले आणि पंख्याकडे बघत पडून राहिले.

2021 मध्येच टॉमी बॉय कंपनी 'रिझर्व्हॉयर' नावाच्या दुसऱ्या कंपनीने घेतली. रिझर्व्हॉयर म्हणजे जलाशय. ते वाचून चिपळूणकराला वरच्या अंगाचं कोळकेवाडी धरण आठवलं आणि पोटात गोळा आला तर त्याला दोष देऊ नका. पण यांनी सोडलेलं पाणी चांगलं निघालं. करार नव्याने केले, काही तुकडे नव्याने वाजवून बसवले आणि 3 मार्च 2023 ला अल्बम सगळीकडे खुला झाला. त्याच्या एकोणीस दिवस आधी, 12 फेब्रुवारीला ट्रूगॉय गेला, चोपन्नाव्या वर्षी. उलट्या दह्याचा तो पोरगा. इतकी वर्षं वाट पाहिली आणि शेवटचे तीन आठवडे नाही जमले. अल्बम खुला झाला त्या दिवशी मी पहिल्यांदा 'आय नो' लावलं नाही, त्याचा आवाज सगळ्यात मोकळा वाटतो ते 'पॉटहोल्स इन माय लॉन' लावलं. खड्ड्यांचं गाणं आहे, मुंबई-गोवा महामार्गावर ऐकायला बरं.

त्या मे महिन्यात बाबांना दापोलीला बहिणीकडे सोडायचं होतं. धोपाव्याला फेरीबोट नुकतीच सुटली होती, पुढची यायला अर्धा तास. गाडीत गरम होत होतं म्हणून ते उतरून जेट्टीच्या कठड्याला टेकले. समोर दाभोळ, खाडीत दोन होड्या, खाली भरतीचं पाणी दगडांवर चढत होतं. मी फोनवर गाणं लावलं आणि त्यांच्या हातात दिलं. शिट्टी आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बोटं कठड्यावर ढोलकी धरू लागली. ओठ हलले, राधेचं काहीतरी आलं, दोन शब्द, तिसरा नाही. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. मग त्यांनी ओठांचा चंबू केला. पंच्याहत्तरी आली होती, कवळी नवी होती, निम्मी हवाच निघत होती. पण वाजवली. दोनदा, शेवटपर्यंत.

"कवळी काढली तर नीट येईल," ते म्हणाले आणि खिशात रुमाल शोधायला लागले, तोवर पलीकडून बोटीचा भोंगा झाला.